साडूंवर सोडलेला वलंदेज

सोमवार, १३ जानेवारी २०२५. सकाळी ७.

काल लातूरला माझा जाहीर अपमान झाला. संतापाच्या भरात माणूस नोंदी चुकीच्या करतो, म्हणून लिहिण्यापूर्वी एक रात्र जाऊ दिली. आता मी पूर्णपणे शांत आहे आणि सूड घेणार आहे.

घटनाक्रम असा. माझे साडू श्रीनाथ हलगरकर, म्हणजे सौदामिनीच्या धाकट्या बहिणीचे, मालविकाचे, यजमान. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. त्यांनी 'हलगरकर कुलवृत्तांत' नावाचा तीनशे बारा पानांचा ग्रंथ छापला. प्रकाशन मंगल कार्यालयात. व्यासपीठामागे अकरा पिढ्यांचा वंशवृक्ष, फ्लेक्सवर, लांबी पंधरा फूट. उपस्थिती दोनशे चाळीस (बारा रांगा, प्रत्येक रांगेत वीस खुर्च्या). पान २१४ वर आमची नोंद: "सौ. मालविका यांच्या ज्येष्ठ भगिनी सौ. सौदामिनी. यजमान प्रा. अनंतराव मुरुडकर, नांदेड. घराण्याची माहिती उपलब्ध नाही."

एवढे छापून समाधान झाले नाही, म्हणून माइकवरून पुढील वाक्य: "आमच्या साडूंनी छत्तीस वर्षं कॉलेजात नद्यांचे उगम शिकवले. स्वतःचा उगम तेवढा सापडला न्हाई."

दोनशे एकोणचाळीस माणसे हसली. मी हसलो नाही. सौदामिनीविषयी खात्री देता येत नाही. तिने पदर तोंडाला लावला होता.

संकल्प:

१) हलगरकरांच्या अकरा पिढ्यांना पुरून उरेल असा एक पूर्वज शोधून काढणे.
२) तो सापडेपर्यंत श्रीनाथच्या घराचा उंबरा न ओलांडणे.
३) तोवर त्याच्याशी एक शब्दही न बोलणे.
४) रोज वीस मिनिटे प्राणायाम.

यापुढे या वहीत त्याचा उल्लेख एकवचनी होईल. हा सुडाचा पहिला हप्ता. वर तसे केलेच आहे.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

त्याचा फोन आला. सौदामिनीने मुद्दाम स्पीकर लावला. त्याने विचारले, अनंतराव हायेत का जवळ? ती म्हणाली, समोरच बसलेत, पण ते सध्या तुमच्याशी बोलत नाहीत. तो म्हणाला, असं का, बरं बरं, मग त्यांना सांगा, तिळगूळ घ्या आणि गोड बोला.

हे वाक्य नोंदवून ठेवत आहे. सगळ्याचा हिशेब एकदम होईल.

प्राणायाम: नाही (सण).

रविवार, १९ जानेवारी.

दिशा सापडली. विवेचन सविस्तर करतो, म्हणजे पुढे भाषणात वापरता येईल.

लहानपणी लातूरजवळच्या मुरुडला आजी एका गोऱ्या गोलंदाजाची गोष्ट सांगत असे. तोफ डागता डागता तो आपल्या मुलखात आला आणि इथलाच झाला. गोष्ट संपताना ती दर वेळी म्हणायची, "आपलाच होता बिचारा." 'आपलाच' हा शब्द पुरावा म्हणून पुरेसा आहे.

आता राष्ट्रीयत्व. येथे निरसनपद्धती वापरावी लागते. पोर्तुगीज? ते किनारा सोडत नसत. फ्रेंच? निजामाच्या पदरी होते खरे, पण आमच्या घरात कोणालाही स्वयंपाकाची गोडी नाही. इंग्रज? स्वाभिमानास मान्य नाही. उरले डच, ज्यांना जुन्या मराठी कागदांत वलंदेज म्हणतात.

पूरक पुरावे. एक, मी छत्तीस वर्षे कॉलेजला सायकलने गेलो. सायकलीवर एवढी निष्ठा जगात फक्त हॉलंडात आढळते. दोन, गोदावरीला पूर आला तेव्हा कॉलनीत वाळूची पोती रचण्याची कल्पना सर्वप्रथम मला सुचली. बांध घालणे डच माणसाच्या रक्तात असते. तीन, हॉलंडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि आमचे घरही रस्त्याच्या पातळीखाली आहे.

तिसरा मुद्दा सौदामिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, आपलं घर खाली आहे कारण नगरसेवकानं रस्ता चारदा केला.

तिला संशोधनपद्धतीचे शिक्षण नाही.

शनिवार, २५ जानेवारी.

आरशात पाहताना बुबुळाच्या कडेला स्पष्ट निळसर-राखी छटा दिसली. लेखी पुरावा असावा म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. घारेपणाचे प्रमाणपत्र मागितले. त्यांनी टॉर्च मारून सांगितले की ही कडा वयोमानाने येते, पासष्टीनंतर पुष्कळांना येते, काळजीचे कारण नाही. वर कोलेस्टेरॉल तपासायला सांगितले.

दुसरे मत घेणार नाही, कारण पहिलेच मत विषय सोडून होते.

घारे डोळे म्हणजे बोक्यासारखे डोळे नव्हेत, हे येथे स्पष्ट करतो. तसले डोळे श्रीनाथचे आहेत.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

आज गुप्तपणे लातूर. संकल्प क्र. २ उंबऱ्यापुरता आहे, शहरापुरता नाही. तरीही खबरदारी म्हणून मफलर, मास्क आणि कानटोपी. अहमदपूरपर्यंत घामाने अंघोळ.

प्रयोजन: जुन्या छावणीतले एक चर्च फार पूर्वी बंद पडले, त्याची रजिस्टरे लातूरच्या एका मिशनच्या कार्यालयात आहेत. गोऱ्या सैनिकांचे बाप्तिस्मे, लग्ने, दफने, सगळे त्यांत. तिथल्या मंजुश्रीबाई कपाटाची किल्ली कमरेला लावून असतात. त्यांनी माझी पिशवी बाहेर ठेवली, पेन काढून घेतले, हातात पेन्सिल दिली आणि विचारले, कोण पाहिजे?

मी वीस मिनिटे विषय समजावून दिला. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "मागच्या साली एक जण पोर्तुगीज धुंडून राहिले होते. न्हाई सापडला. तुम्ही डच बघा."

अक्षर तिरके, इंग्रजी जुने, शाई तपकिरी. चार तासांत अकरा पाने. सापडले: दोन आयरिश, एक स्कॉटिश, विषमज्वराने मेलेला एक बँडवाला.

संध्याकाळी मालविकाचा सौदामिनीला फोन. भाऊजी लातूरच्या स्टँडवर दिसले, कानटोपी घालून रसवंतीत बसले होते, बरे आहेत ना?

सोमवार, १० फेब्रुवारी.

सापडला.

माझी तिसरी फेरी. बाप्तिस्म्याचे रजिस्टर, सन १८२३. बालकाचे नाव दानियल. बाप कॉर्नेलिस, तोफखान्यात गोलंदाज, मूळ देश हॉलंड. आई गंगा, राहणार मुरुड.

मुरुड.

हातातले खोडरबर टेबलाखाली गेले. मंजुश्रीबाईंनी ते काढून दिले आणि पाणी दिले.

पूर्णतेसाठी नोंदवतो की 'हॉलंड' या शब्दापुढे पाद्रीसाहेबांनी प्रश्नचिन्ह काढले आहे. मंजुश्रीबाईंचे म्हणणे, त्यांना खात्री नसावी. माझे मत वेगळे आहे. हे प्रश्नचिन्ह शंकेचे नसून आदराचे आहे. एवढ्या दूरच्या देशातला माणूस समोर उभा पाहून कोणाही सुशिक्षित माणसाची लेखणी अशीच वळेल.

संभाव्यतेचा हिशेब: त्या काळी मुरुडात फार तर चारशे घरे. म्हणजे गंगा आमच्या घरातली असण्याची शक्यता चारशेत एक. परंतु मुरुडकर हे आडनाव माझ्या माहितीत फक्त आमचे आहे. म्हणून शक्यता एकास एक.

परतीच्या बसमध्ये उभा होतो, तरी बसल्यासारखे वाटत होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

गुंतागुंत. मालविकाच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. २१ एप्रिल, लातूर. गुडघा बदलणार आहेत. सौदामिनी सहा आठवडे तिकडे राहणार. मीही यावे असे मालविकाने कळवले आहे. श्रीनाथच्या पाठीत मणका सरकलेला असल्याने त्याला उचलणे-धरणे जमत नाही, आणि मुलगी बाळंतपणासाठी बेंगळुरूला.

मी सौदामिनीला संकल्प क्र. २ दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "एकवीस एप्रिलपर्यंत तुमचा डच सापडला तर त्याला घेऊन चला. नाही सापडला तर नुसतेच चला. आणि तेही जमणार नसेल, तर मग मी माघारी येईन का नाही, ते मला विचारू नका." हे ती मेथीच्या जुडीकडे पाहून म्हणाली, त्यामुळे गांभीर्याचा अंदाज आला नाही. नंतर आला.

मालविका माझी विद्यार्थिनी. नकाशावाचनात वर्गात पहिली. तिच्यासाठी श्रीनाथचे स्थळ मीच आणले होते. याबद्दल मी स्वतःला अद्याप माफ केलेले नाही.

मुदत: अडुसष्ट दिवस. पुरेशी आहे.

शनिवार, १ मार्च.

भाषण तयार (छापील बारा पाने, वेळ पंचवीस मिनिटे). योजना अशी: २० एप्रिलला, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, हलगरकरांकडे सगळे नातेवाईक मालविकाला भेटायला येतील. त्या वेळी मी उंबरा ओलांडेन, भिंतीवर फ्लेक्स लावेन आणि बोलेन.

फ्लेक्स सतरा फुटांचा. श्रीनाथच्या फ्लेक्सपेक्षा दोन फूट जास्त. याहून जास्त केला असता तर ते सुडासारखे दिसले असते.

वजिराबादेत वैजनाथच्या दुकानात दिला. तो म्हणाला, सर, मुख्य माणसाचा फोटो? मी सांगितले, १८२३ साली फोटो नसत. तो म्हणाला, फोटोबगर फ्लेक्स न्हाई शोभत सर, मोकळा मोकळा वाटतो. मग कॉम्प्युटरमधून त्याने एक गोरा मनुष्य काढला. दाढी, हॅट, करारी मुद्रा. चौकशी केली तेव्हा कळले की हा रंगाच्या जाहिरातीतला आहे, भिंतीला पाठ टेकून उभा असतो. वैजनाथ म्हणाला, विदेशीच हाय सर, कोन इचारतंय.

तत्त्वतः चूक. पण मुद्रा खरोखर करारी होती. ठेवला.

मजकूर: "मुरुडकर घराण्याचे मूळपुरुष, वलंदेज वीर कॉर्नेलिसबाबा." खाली सहा पिढ्या. मधल्या दोन पिढ्यांची नावे अजून मिळालेली नाहीत. तेथे सध्या वेलबुट्टी घातली आहे.

प्राणायाम: नाही (दुकानात वेळ गेला).

मंगळवार, ११ मार्च.

चौथी फेरी, वेलबुट्टीच्या जागी नावे मिळवण्यासाठी. १८३१ च्या पानावर समासात टिपण सापडले. भावार्थ: गोलंदाज कॉर्नेलिस मरण पावला. त्याचा मुलगा दानियल, वय आठ, याला आईकडच्या माणसांनी नेले. हलगरा गावच्या एका वतनदार घराने त्याला हिंदू रीतीने दत्तक घेतले. सबब चर्चच्या यादीतून नाव कमी केले.

निष्कर्ष: आमच्या पूर्वजाने बालपणी काही काळ हलगरा येथे वास्तव्य केले.

श्रीनाथचे गावही हलगराच. हा योगायोग आहे. गावात पुष्कळ घरे असतात.

मंजुश्रीबाई म्हणाल्या, "साहेब, हलगऱ्याचं म्हटल्यावर हलगरकरांनाच फोन लावा की. इथंच तर राहतात, औसा रोडला." मी म्हणालो, शत्रूला विचारून इतिहास लिहीत नसतात. त्यांनी कपाट बंद केले.

रविवार, २३ मार्च.

मुरुडला महादेवप्पा हेळवी यांची भेट. हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारे. सुगी झाली की गावोगाव येतात, ज्यांची घरे परंपरेने त्यांच्याकडे आहेत त्यांच्या पिढ्या चोपडीतून वाचून दाखवतात. पूर्वी बैलावर बसून येत. महादेवप्पा मोटारसायकलवर आले. चोपडी लाल कापडात, कापड डिकीत.

मी म्हणालो, मुरुडकर घराणे, मूळपुरुष कॉर्नेलिस, पुढचे वाचा.

त्यांनी चष्मा लावला, अर्धा तास पाने उलटली. मग म्हणाले, "मालक, तुमचं घर माझ्या चोपडीत न्हाई. तुमचे पणजोबा दुष्काळात आले मुरुडात. कुठून आले, माझ्या आज्यानं लई इचारलं. त्यांनी सांगितलं न्हाई. मान्साला सांगावं वाटत नसलं तर आपन कशाला लिव्हावं."

मी विचारले, आणि तो गोलंदाज?

"तो हाय की." पानावर बोट ठेवून त्यांनी सुरात वाचायला सुरुवात केली. हलगऱ्याचे शिवमूर्ती वतनदार. पोटी लेकरू न्हाई. मुरुडच्या गंगाबाईचा पोर मांडीवर घेतला, बाप टोपीवाला, पोराचे डोळे घारे. बारसं करून नाव ठेवलं देवराव. देवरावाचे दोन, थोरल्याचे तीन. असे खाली खाली येत शेवटचे नाव वाचले. श्रीनाथ. लातूरला मोठे इंजिनेर.

देवराव हा हलगरकर कुलवृत्तांताच्या पान ९ वर आहे. मला ते पान पाठ आहे.

महादेवप्पांनी चहा घेतला. जाताना म्हणाले, तुमचं घर नव्यानं घालू का चोपडीत? तुमच्यापासून सुरू करू. मी म्हणालो, विचार करून कळवतो.

सोमवार, २४ मार्च.

नोंद नाही.

बुधवार, २६ मार्च.

दोन दिवस शांतपणे विचार केला. या घटनेकडे मी चुकीच्या बाजूने पाहत होतो.

शोधाचा उद्देश काय होता? पूर्वज हे साधन, साध्य सूड. मग तो पूर्वज माझा असो वा त्याचा, फरक काय? उलट हे अधिक प्रभावी आहे. ज्या माणसाने अकरा अखंड पिढ्या पंधरा फुटांवर छापल्या, त्याची साखळी चौथ्या कडीला तुटते. पुढचे सगळे एका परक्या गोलंदाजाचे वंशज, आणि त्याचा देशही प्रश्नचिन्हासहित. नातेवाइकांसमोर हे वाचून दाखवले की ग्रंथाच्या तीनशे प्रती त्याला स्वतःच्या हाताने परत गोळा कराव्या लागतील.

प्रश्नचिन्हाचा मी पूर्वी लावलेला अर्थ मागे घेत आहे. ते शंकेचेच आहे.

नवे भाषण लिहायला घेतले. शीर्षक: 'हलगरकर: एक पुनर्विचार'. चाळीस मिनिटे.

बुधवार, ९ एप्रिल.

सौदामिनीने गच्चीवर कुरडया घातल्या, बहिणीकडे न्यायला. पाहतो तर खाली सतरा फुटांचा फ्लेक्स. कॉर्नेलिसबाबांच्या हॅटपासून पोटापर्यंत कुरडयांच्या रांगा. म्हणाली, घरात एवढा लांब प्लास्टिकचा तुकडा दुसरा नाही, आणि तुम्हाला आता तो लागणार नाही म्हणालात.

तिला नवे भाषण वाचून दाखवले. चाळीस मिनिटे ती कावळे हाकत बसली होती. शेवटी एवढेच विचारले, "हे तुम्ही मालूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वाचणार?" मी म्हणालो, तारीख मी ठरवलेली नाही, डॉक्टरांनी ठरवली.

ती कुरडया उलटायला लागली. ज्या प्रकारे उलटल्या, त्याचा मी भाषणात विचार केलेला नाही.

रविवार, २० एप्रिल. लातूर. दुपारी ४.

अकरा वाजता उंबरा ओलांडला. सूड हातात असल्याने संकल्प क्र. २ चा भंग होत नाही.

हॉलमध्ये चौदा नातेवाईक. मालविका दिवाणावर, पाय उशीवर. मला पाहून म्हणाली, "आलात भाऊजी. आता भीती न्हाई मला." हे वाक्य गैरसोयीचे होते. मी भाषण सुरू केले.

पद्धतशीर मांडले. रजिस्टर, समासातले टिपण, हेळव्याची चोपडी, पान ९. घाई केली नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणी पंखाही वाढवला नाही. श्रीनाथ मान खाली घालून ऐकत होता. मी थांबलो आणि तो कोसळण्याची वाट पाहिली.

तो उठून देवघरात गेला. परत आला तेव्हा तळहातावर चांदीचा एक टाक होता. त्यांच्या देवघरात गेलेल्या पूर्वजांचे असे चांदीचे पत्रे पूजेत असतात, दर दसऱ्याला सगळ्यांना पंचामृत. या टाकावरचा माणूस पागोटे घातलेला नव्हता. डोक्याला गोल कडेची हॅट होती.

"दोनशे वर्षं पुजून राहिलो आम्ही याला," श्रीनाथ म्हणाला. "हा कोण, ते माझ्या आज्यालाबी ठाऊक नव्हतं. पुस्तकात घालायला पाहिजे होता, पण नावच न्हाई, काय घालणार? तुम्ही नाव आणलं, अनंतराव."

त्याचे घारे डोळे भरले होते. तो खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मागून त्याचे चुलते म्हणाले, अरे, बसवा त्यांना पाटावर. मला पाटावर बसवण्यात आले. कुंकू लावले, नारळ दिला, खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर पांढरी टोपी. चौदा माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात 'एक पुनर्विचार' तसाच.

दुसरी आवृत्ती निघणार आहे. पहिले प्रकरण 'आमचे वलंदेज पूर्वज'. फ्लेक्स वीस फुटांचा. लेखनसाहाय्य मी करावे असे त्याने सर्वांसमोर विचारले, आणि टोपी डोक्यावर असताना नाही म्हणणे अवघड असते.

मग त्याने अगदी सहज विचारले, "आणि तुमच्या घराण्याचं काय निघालं?"

मी म्हणालो, माहिती उपलब्ध नाही.

या वेळी कोणी हसले नाही. त्याचा जास्त त्रास झाला.

सोमवार, २१ एप्रिल. हॉस्पिटल. दुपारी १.

सकाळी आठला मालविकाला आत नेले. तासाभराने सौदामिनी जपमाळ घेऊन कोपऱ्यात. बाकावर श्रीनाथ आणि मी.

किल्लारीच्या भूकंपानंतर हा माणूस बावीस दिवस ढिगाऱ्यांवर उभा होता. तेव्हा मी त्याचे हात पाहिले आहेत, थरथरत नव्हते. आज पाण्याची बाटली उघडता येईना. मी उघडून दिली.

म्हणाला, "अनंतराव, आत काय करून राहिले असतील, ते समजावून सांगा बरं. तुमच्यासारखं."

मी वहीतले कोरे पान फाडले, गुडघ्याची आकृती काढली आणि सांगायला लागलो. दोन हाडांच्या टोकांची झीज म्हणजे नदीकाठाची धूप समजा, तिथून सुरुवात केली. तो मध्ये मध्ये हं म्हणत होता. एका ठिकाणी माझी चूक झाली, ती त्याच्या लक्षात आली नाही. मी परत मागे जाऊन दुरुस्त केली. असे पावणेदोन तास. संकल्प क्र. ३ चा विषय निघाला नाही.

डॉक्टर बाहेर आले. सगळे ठीक.

सौदामिनीने जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. कारण सांगितले नाही.

गुरुवार, २४ एप्रिल. लातूर. संध्याकाळी.

सूड तूर्त स्थगित. पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मजकुरात श्रीनाथरावांनी हॉलंडची राजधानी चुकवली आहे. योग्य वेळी पाहू.

फिजिओथेरपिस्टने तक्ता दिला आहे: रोज किती पावले, तारीखवार. तक्ता भरण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. पेन्सिलीने नव्हे, पेनाने भरायचा, असे मी सांगितले. आकडा एकदा लिहिला की बदलता येऊ नये.

मालविका आज वॉकर धरून पहिल्यांदा चालली. डावीकडे मी, उजवीकडे श्रीनाथराव, पाठीला पट्टा बांधून. तिने दात आवळले होते. श्रीनाथराव मोठ्याने मोजत होते. दारापाशी ती थांबली तेव्हा त्यांनी जाहीर केले, "वीस. मालू, वीस झाली." ती रडत रडत हसली. सौदामिनीने चहा टाकला.

पावले एकोणीस होती. चौदाव्यानंतर त्यांनी एक आकडा सोडला.

तक्ता काढला, पेन काढले. सगळे माझ्याकडे पाहत होते. वीस लिहिले.